उन्हात तपासलेला डोळा

कॅलिफोर्नियात, आमच्या फ्रीमाँटमध्ये कुणाच्या घरी जेवायला गेलं की नव्या ओळखीचं माणूस हमखास विचारतं, "तुम्ही काय करता?" मी सांगते, "डोळे करते." समोरचं माणूस आधी हसतं, मग विचारतं, "म्हणजे चष्म्यांचं का?" चष्म्यांचं नव्हे, डोळेच. अपघातानं किंवा आजारानं ज्यांचा डोळा गेलाय त्यांच्यासाठी खोटा डोळा घडवायचा आणि रंगवायचा, हे माझं काम. बोलणं इथवर आलं की यजमानीण भाताचं भांडं पुढे करत म्हणते, "अगं, जेवताना नको ना ते!" आणि गाडी पुन्हा ग्रीन कार्ड आणि मुलांच्या शाळांवर जाते. तेव्हा तुम्हीही फराळाची बशी जरा बाजूला ठेवा आणि मग पुढचं वाचा.

खोटा डोळा म्हणजे काचेची गोटी अशी बहुतेकांची समजूत असते. माझीही होती. प्रत्यक्षात तो असतो जाड शिंपल्यासारखा, ॲक्रिलिकचा, आतून पोकळ वळणाचा. डॉक्टर ऑपरेशन करताना खोबणीत एक छोटा गोळा बसवतात आणि डोळा हलवणारे स्नायू त्याला जोडून ठेवतात. त्या गोळ्यावर आमचा शिंपला बसतो. दंतवैद्य वापरतात तसल्याच लगद्यानं खोबणीचा ठसा घ्यायचा, त्यावरून मेणाचा नमुना, मेणावरून ॲक्रिलिक. मग रंग. शर्टाच्या बटणाहून लहान चकतीवर बुबुळ रंगवायचं, चार केसांच्या कुंचल्यानं, थरावर थर चढवत. पांढऱ्या भागावरच्या शिरा रंगवत नाहीत. लाल धाग्याचे तंतू उसवायचे आणि चिमट्यानं एकेक मांडायचे. वर पारदर्शक थर, भट्टी, पॉलिश. दोन-तीन दिवसांचं काम, आणि त्यातला बराच वेळ पेशंट आपल्यासमोर दोन फुटांवर बसलेला.

या कामात मी आले ती निव्वळ पैशासाठी. दोन हजार एक साली सांता क्लाराच्या ज्या कंपनीत माझा नवरा शिरीष होता तिथून त्याला ले-ऑफ मिळाला. आमच्या ओळखीतल्या निम्म्या घरांत तेव्हा तेच चाललं होतं. माझं वर्क परमिट नुकतंच हातात आलं होतं आणि शिक्षण म्हणाल तर कोल्हापूरला केलेली चित्रकलेची पदविका. तिला सिलिकॉन व्हॅलीत कोण विचारणार? एक दिवस स्थानिक पेपरात चार ओळींची जाहिरात दिसली. बारीक रंगकाम करणारा हात हवा, काम शिकवू, घाई असणाऱ्यांनी येऊ नये. मला वाटलं, बाहुल्या रंगवायच्या असतील.

एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागे दोन खोल्या होत्या. मालक वॉल्टर, साठीच्या पुढचा, उंच, खाली वाकून बोलणारा माणूस. त्यानं माझी चित्रं पाहिलीच नाहीत. एक सपाट खण ओढून माझ्यासमोर धरला. शंभरेक डोळे माझ्याकडे बघत होते. मी खुर्चीसकट मागे सरकले.

"घाबरलीस?" त्यानं विचारलं.

"हो."

"चांगलं आहे. मला सवय झालीय, ते वाईट." मग त्यानं हातात भिंग दिलं आणि भिंतीवरच्या आरशाकडे बोट केलं. "आता स्वतःचा डोळा बघ आणि कोणता रंग आहे ते सांग."

"तपकिरी," मी न बघताच म्हणाले.

"बघून सांग."

मी बघितलं. छत्तीस वर्षं हा डोळा मी आरशात बघत आले होते, काजळ घालत आले होते. भिंगातून दिसलं ते मी कधीच पाहिलं नव्हतं. बाहुलीच्या कडेला तांबूस झालर, तिच्यातून निघणारे धागे, धाग्यांमध्ये खोल खोल खड्डे, काठाला जवळजवळ काळी रेघ, आणि मधे कुठेतरी चक्क पिवळं. खिडकीतून ऊन आलं तशी बाहुली आकसली आणि सगळे धागे एकदम ताणले गेले. माझ्या अंगावर काटा आला. हे माझ्या चेहऱ्यावर होतं आणि मला याचा पत्ता नव्हता.

"किती रंग?" वॉल्टरनं विचारलं.

मी अकरापर्यंत मोजले आणि थांबले. त्यानं मला कामावर घेतलं.

पहिलं वर्षभर मी फक्त पांढरा भाग आणि शिरा केल्या. दुसऱ्या वर्षी बुबुळाला हात लावला. लोकांना वाटतं निळा डोळा कठीण. निळा जमतो. कठीण तपकिरी. दिव्याखाली तो काळा दिसतो आणि उन्हात मधासारखा उजळतो. म्हणून वॉल्टरचा एक नियम होता आणि तो मोडायची कुणाला परवानगी नव्हती. चकती तीन उजेडांत तपासायची. आधी दिव्याखाली, मग खिडकीत, मग बाहेर पार्किंग लॉटमध्ये उघड्या उन्हात.

त्या दिवसांतली एक बाई मला अजून आठवते. चौऱ्याऐंशी वर्षांच्या निवृत्त शिक्षिका. त्यांच्या चांगल्या डोळ्याचा पांढरा भाग पिवळट झाला होता आणि बुबुळाभोवती वयाचं राखाडी कडं आलं होतं. मी विचार केला, बिचारीला जरा ताजा डोळा करून द्यावा. कडं पुसट केलं, पिवळेपणा कमी केला. त्यांनी आरशात पाहिलं आणि म्हणाल्या, "बाळ, हा सुंदर आहे. पण हा माझ्या नातीचा डोळा आहे. माझा दुसरा डोळा इतकं बघून म्हातारा झालाय, त्याला असं एकटं पाडू नकोस." मी पुन्हा बसले आणि ते राखाडी कडं मनापासून रंगवलं. इतकं काळजीपूर्वक मी कोल्हापुरात कुठलं निसर्गचित्रही रंगवलं नव्हतं.

यथावकाश शिरीषला नोकरी लागली, आधीपेक्षा चांगली. घराची काळजी मिटली. दोन हजार पाचच्या सुरुवातीला तो एके दिवशी चहा घेताना म्हणाला, "आता कशाला ओढतेस? गरज होती तेव्हा केलंस, मी विसरणार नाही. पण आता सोड ना. स्वतःची पेंटिंग्ज कर. आई-बाबांकडे दोन-दोन महिने जाऊन राहू."

त्याचं काही चुकत नव्हतं. काम चालू ठेवायचं ठोस कारणही मला सांगता येईना. पगार घरात कुणाला जाणवत नव्हता. मी वॉल्टरला महिन्याची नोटीस दिली. तो "बरं" म्हणाला आणि पॉलिशच्या चाकाकडे वळला.

त्याच महिन्यात ईशा आली.

ईशा तेरा वर्षांची. आईवडील मूळचे नागपूरचे, मुलगी जन्मली-वाढली इथेच. घर आमच्यापासून दहा मिनिटांवर. तिचे वडील प्रशांत सुट्टीच्या दिवशी मागच्या अंगणातला जुना काँक्रीटचा कट्टा हातोड्यानं फोडत होते. ईशा त्यांना चहाला बोलवायला गेली. एक कपची उडाली. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, पण डावा डोळा काढावा लागला.

हे सगळं मला तिची आई रश्मी हिनं दाराशी उभं राहून हळू आवाजात सांगितलं. ईशा खुर्चीत बसली होती, डावीकडचे केस गालापर्यंत ओढलेले.

"आणि हिचे बाबा?" मी विचारलं.

"गाडीत बसलेत. आणतात, नेतात. आत येत नाहीत." रश्मी थांबली. "त्या दिवसापासून त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही हो ताई. समोर बसून जेवतात, पण नजर ताटात."

ईशा माझ्याशी मोजकं बोलली. मी मराठीत विचारायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. ठसा घेताना तिनं खुर्चीचे हात घट्ट धरले, पण हूं की चूं केलं नाही. रंगकामाच्या दिवशी बाहेर पाऊस होता, आमच्याकडे फेब्रुवारीत लागते तशी झड. वॉल्टर आठवडाभर बहिणीकडे ओरेगनला गेला होता. रश्मीला दुपारी ऑफिसात परतायचं होतं. ऊन दोन दिवस तरी निघणार नव्हतं. मी चकती दिव्याखाली तपासली, खिडकीतल्या करड्या उजेडात तपासली. छान जुळत होती. मन म्हणालं, उन्हात बघायला हवी. दुसरं मन म्हणालं, महिनाअखेरीस तू जाणारच आहेस, संपव एकदाचं.

मी संपवलं. डोळा बसला. ईशानं आरशात पाहिलं आणि केस कानामागे घेतले. रश्मी रडली. मी स्वतःवर खूष होऊन घरी गेले.

चार दिवसांनी रश्मीचा फोन आला. पाऊस थांबला होता. आदल्या दिवशी ईशा केस मागे बांधून शाळेत गेली, अपघातानंतर पहिल्यांदाच. पीटीच्या तासाला सगळी मुलं मैदानावर उन्हात उभी होती आणि एक मैत्रीण सहज म्हणाली, "तुझा एक डोळा ब्राऊन आहे नि एक ब्लॅक." घरी येऊन तिनं डोळा काढला, मोज्यांच्या खणात टाकला आणि शाळेत जाणार नाही म्हणून सांगितलं.

रश्मी रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती थकलेली होती. "ताई, काही करता येईल का?" एवढंच म्हणाली.

मी तशीच गाडी काढली. दार प्रशांतनं उघडलं. चाळिशीचा, दाढी वाढलेला माणूस. मी कोण ते सांगितल्यावर तो पायाकडे बघत म्हणाला, "तुमची काही चूक नाही, ताई. जे झालं ते माझ्यामुळं झालं."

"डोळ्याचा रंग चुकला तो माझ्यामुळं," मी म्हणाले. "तेवढं मला माझं घेऊ द्या. ईशा कुठेय?"

ती जिन्यावर बसून ऐकत होती. मी खालच्या पायरीवर बसले आणि सांगितलं, "ईशा, ऊन नसताना मी रंग पक्का केला. तसं करायचं नसतं, हे मला माहीत होतं. मला घाई होती. तुला शाळेत जे ऐकावं लागलं ते माझ्या घाईमुळं. मी सॉरी म्हणायला आलेय. चालत असेल तर मी नवा करते."

ती म्हणाली, "नोबडी सेज सॉरी इन धिस हाऊस, काकू. आई क्राइज अँड बाबा गराजमध्ये बसतो."

प्रशांत माझ्यामागेच उभा होता. त्याच्या श्वासाचा आवाज मला ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन होतं. मी ईशाला पार्किंग लॉटमध्ये घडीच्या खुर्चीत बसवलं आणि अडचण लगेच समोर आली. एकुलत्या एक उरलेल्या डोळ्यावर थेट ऊन आलं की तो मिनिटभरात पाण्यानं भरायचा आणि ती मिटून घ्यायची. भीतीही असणार. फोटो काढून उपयोग नव्हता, फोटोत तपकिरी रंग खोटाच येतो. मला तास-दोन तास उन्हात समोर धरायला एक डोळा हवा होता.

"हिचे डोळे कुणावर गेलेत?" मी रश्मीला विचारलं.

"बापावर. अगदी सही सही."

मी गाडीपाशी गेले आणि काचेवर टकटक केलं. प्रशांतनं काच खाली केली. मी म्हटलं, "मला तुमचा डोळा हवाय." त्याचा चेहरा असा झाला की मला लगेच खुलासा करावा लागला. "बघण्यापुरता. बाहेर येऊन बसा."

तो आला. दुसरी खुर्ची मांडली, त्यात बसला आणि सवयीनं डांबराकडे बघू लागला. मी स्टुलावर रंगांच्या वाट्या घेऊन मधे बसले. बापाचं बुबुळ आणि मुलीचं बुबुळ तंतोतंत सारखं कधीच नसतं, म्हणून पाया बापावरून घालायचा आणि शेवटचे बदल मुलीचा डोळा मिनिट-मिनिट उघडून करायचे, असं मी ठरवलं होतं. पण बाप वर बघेना. मी दोनदा सांगितलं. तो मान उचलायचा, ईशा समोर दिसली की पुन्हा खाली.

शेवटी ईशानंच माझ्या मांडीवरचं भिंग उचललं, खुर्ची सरकवली आणि त्याच्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसली. "बाबा, इकडे बघ. काकू कान्ट पेंट युअर आयलिड."

त्यानं वर बघितलं. तिचे केस मागे बांधलेले होते. डावी पापणी मिटून आत बसलेली. तीन महिन्यांत त्यानं ते पहिल्यांदा पाहिलं असणार. मी कुंचला हातात धरून तशीच राहिले.

"धिस इज क्रेझी," ती भिंगातून बघत म्हणाली. "बाबा, तुझ्या डोळ्यात ग्रीन आहे. आणि इथे गोल्ड. काकू, लुक!"

"तुझ्यातही आहे," प्रशांत म्हणाला. "लहानपणी तुला उन्हात न्हाऊ घालायचो तेव्हा दिसायचं." मग म्हणाला, "सॉरी, बाळा."

"आय नो, बाबा," ईशा म्हणाली. भिंग तसंच धरलेलं. "डोन्ट ब्लिंक."

त्याचा डोळा अर्थातच वाहायला लागला आणि लाल झाला. लाल डोळ्यावरून रंग घेता येत नाही. आम्ही वीस मिनिटं थांबलो. दंतवैद्याच्या रिसेप्शनिस्टनं कॉफी आणून दिली आणि हे काय चाललंय असं न विचारता परत गेली. मग प्रशांत पुन्हा बसला, या वेळी मान वर करून, आणि दोन तास हलला नाही. ईशा भिंगातून बघून मला सांगत राहिली. इथे पिवळा जास्त, ती रिंग अजून डार्क, नाही काकू, टू मच. मी पुसत होते, पुन्हा लावत होते. इतका चांगला मदतनीस मला तेव्हाही नव्हता आणि पुढेही मिळाला नाही.

तीन दिवसांनी डोळा तयार झाला. वॉल्टर परत आला होता. झालेलं सगळं मी त्याला आधीच सांगून टाकलं होतं. तो कोपऱ्यात उभा राहिला. मी ईशाची वरची पापणी उचलून डोळा आत सरकवला, खालची पापणी त्यावर घेतली. तिनं दोनदा पापण्यांची उघडझाप केली. मग आम्ही सगळे बाहेर उन्हात आलो.

ती त्या चिमुकल्या पार्किंग लॉटमध्ये मधोमध उभी राहिली आणि तिनं बापाकडे बघितलं. दोन्ही डोळे एकदम वळले. दोन्हींत तोच मध उजळला. त्यातला एक मी गुरुवारी भट्टीतून काढला होता, त्यातला प्रत्येक तंतू मी चिमट्यानं मांडला होता, हे मला पुरतं ठाऊक होतं. तरी क्षणभर मला कळेना की माझा कोणता. नंतर ती माझ्याकडे वळली. मी या देशात आणि त्या देशात देवळं पाहिली आहेत, मोठी चित्रं पाहिली आहेत, पण हात आपोआप जोडले गेले ते एकदा, त्या दंतवैद्याच्या कचऱ्याच्या डब्याशेजारी.

प्रशांत लेकीकडे बघत होता. नुसता बघत होता. पोटभर जेवावं तसा.

"कॅन वी गो?" थोड्या वेळानं ईशा म्हणाली. "माझी मॅथ टेस्ट आहे."

ते गेल्यावर वॉल्टर म्हणाला, "नोटीस?" मी म्हणाले, "फाडून टाक." तो म्हणाला, "मी कुठे ठेवलीय ते मला आठवतच नाहीये."

शिरीषला समजावणं इतकं सोपं गेलं नाही. तो महिनाभर धुसफुसत होता आणि त्याची बाजूही खरीच होती. आम्ही ठरवलेल्या कितीतरी गोष्टी राहिल्या. पुढच्या उन्हाळ्यात मी कोल्हापूरला दोन महिन्यांऐवजी दोन आठवडे गेले. आई म्हणाली, "पैशाला तर कमी नाही, मग कशासाठी गं?" मला तिला धड सांगता आलं नाही. हा लेख म्हणजे तेच सांगायचा उशिरा केलेला प्रयत्न आहे, आणि ती तो वाचायला नाही. याची खंत आहे. दुसरी खंत ईशाच्या त्या मैदानावरच्या तासाची. नवा डोळा कितीही जुळला तरी तो तास काही मला तिच्या आयुष्यातून काढता आला नाही. नंतर मी एकही चकती उन्हाशिवाय पक्की केलेली नाही. पेशंट चिडले, तरी थांबवून ठेवले.

वॉल्टर दोन हजार सातमध्ये निवृत्त झाला आणि दोन्ही खोल्या माझ्या हवाली करून बहिणीजवळ राहायला गेला. वाढत्या वयात चेहरा बदलतो, त्यामुळे मुलांचे डोळे काही वर्षांनी नव्यानं करावे लागतात. दोन हजार आठमध्ये ईशा त्यासाठी आली. सोळा वर्षांची, उंच, केस आखूड कापलेले. ड्रायव्हिंग शिकत होती, गाडी स्वतः चालवत आली होती. शेजारी बसलेला प्रशांत घामाघूम होऊन तिच्या आधी आत आला आणि थंड पाणी मागून प्यायला.

ठसा घेण्याआधी मी नेहमीचे प्रश्न विचारले. कोरडं वाटतं का, टोचतं का, रात्री काढून ठेवतेस का.

ईशा जरा वरमली. "काकू, एक सांगू? डोन्ट बी मॅड. गेल्या आठवड्यात आम्ही कॅम्पिंगला गेलो होतो ना, तेव्हा तीन दिवस मी तो साफच केला नाही."

"का गं? पाणी नव्हतं?"

"पाणी होतं. आय जस्ट… मी विसरले. मला एक डोळा नाही, हेच विसरले."

मी पाठ वळवली आणि लगद्याची वाटी शोधायला लागले. वाटी समोरच होती. तिनं मागून विचारलं, "आर यू मॅड?"

"खूप," मी म्हणाले. "बस सरळ. मान मागे घे."